रनर टू

कॉल टाइम पहाटे पावणेचार.
शारजात रोलाच्या कोपऱ्यावर इद्रीसची व्हॅन,
आत बर्फाच्या चार पेट्या, केळ्यांचा घड, गुंडाळलेला गालिचा,
आणि यांच्यातून जेवढी जागा उरेल तेवढा मी.

कॉलशीटच्या शेवटच्या पानावर, जनरेटरच्याही खाली,
माझं नाव असतं. निळकंठ नव्हे, नील.
वॉकीवर तेवढंही नाही: रनर टू.
रनर वन शौकत, कण्णूरचा.
माझ्याआधी सात महिने आला, म्हणून वन.

वॉकीवर कुणी काही सांगितलं की ‘कॉपी’ म्हणायचं असतं.
पहिल्या दिवशी मला हसू आवरेना.
दहावीला भूगोलाच्या पेपरात
‘उष्ण वाळवंटी प्रदेशाचे हवामान’, चार गुण,
बाहीतली चिठ्ठी काढताना
खांबेटे सरांनी कान धरून वर्गाबाहेर काढलं होतं.
आता त्याच हवामानात उभा राहून
दिवसातून दोनशे वेळा म्हणतो.
पाणी आण. कॉपी.
छत्री धर, मॅडमवर, स्वतःवर नको. कॉपी.
फ्रेममधून बाहेर हो.
कॉपी, कॉपी.

मदामच्या पलीकडे वाळूवर दिवाणखाना मांडलाय.
सोफा, दिवा, नुसत्या पाठी असलेली पुस्तकं,
भिंत एकच, तिला एक खिडकी,
आणि खिडकीशेजारी एसी.
एसीची वायर भिंतीच्या मागे येते
आणि वीतभर लोंबून संपते.
जाहिरात एसीची आहे.

मॅडम शाल ओढून शहारते.
पारा बेचाळीसवर, तरी सुंदर शहारते, सात वेळा.
भिंतीमागे गुडघ्यांवर मी, हातात पुठ्ठा.
‘हवा!’ म्हटलं की हलवायचा.
पडदा फुगला पाहिजे, पण बेताने.
“शिडासारखा नको,” मारीविक सांगते,
आणि इंग्रजी पुरेना तेव्हा
स्वतःच्या छातीवर हात ठेवून श्वास घेते. असा.
तिची मुलं सेबूला आहेत, आईकडे.
दोन टेकनंतर मला जमलं.

टेक आणि टेकच्या मधे दुसरं काम.
वाळूवर पाऊल उमटलेलं चालत नाही.
शौकतनं कुठल्याशा मल्याळी दुकानातून
माडाच्या हिरांचा खराटा आणलाय.
मुठीत धरला, आणि हाताला तो आधीपासून माहीत होता.
मागे मागे सरकत झाडायचं:
मॅडमची पावलं, कॅमेऱ्याच्या तिपाईची भोकं,
दिग्दर्शकाच्या सिगारेटची थोटकं,
सगळ्यांत शेवटी आपलं आपण.
“खून करून निघाल्यासारखं वाटतं,” शौकत म्हणतो.

तरी एक राहिलंच.
एडिटवाल्यांना सापडलं, उजव्या कोपऱ्यात, अर्धं पाऊल.
कॉम्प्युटरवर पुसायला अख्खा दिवस लागला म्हणे.
प्रॉडक्शन मॅनेजरनं त्या दिवसाचं बिल आमच्यापुढे धरलं.
माझा दोन महिन्यांचा पगार, वर थोडे सुट्टे.
“कुणाचं?”
शौकतनं माझ्या चपलांकडे पाहिलं, मी त्याच्या.
एकाच दुकानातल्या, दहा दिरहमवाल्या.
तळव्यावरची नक्षीसुद्धा तीच.

आक्काचा फोन आला शुक्रवारी.
जाहिरात मीच पाठवली होती.
“वाडीत सगळ्यांना दाखवली. तू कुठं दिसत नाहीस.”
पडदा बघ, म्हटलं. खिडकीचा.
“बरं.”
हलतोय ना?
पलीकडे ती ट्यून पुन्हा लागली, पहिल्यापासून.
आक्का शिवणकाम करते, कापडाकडे तिची नजर आधी जाते.
“हलतोय,” ती म्हणाली.
तो मी.

बराच वेळ ती काहीच बोलली नाही.
मला वाटलं, रडते की काय.
मग म्हणाली,
“पण एवढा एसी लावून
खिडकी उघडी ठेवली होय रे त्या बाईनं?
बिल कोण भरतं तिचं?”

पाच दिवस, चाळीस माणसं, तीन मॉनिटर.
कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.